कीटक संग्रहाचे साहित्य: पेटी आधी, जाळी शेवटी

कीटक गोळा करायचे म्हटले की बहुतेक जण आधी जाळी घेतात. आमचा आग्रह असा, की जाळी सर्वांत शेवटी घ्या. जाळीतून निसटलेल्या किड्यामुळे संग्रहाचे काही बिघडत नाही, तो पुन्हा सापडतो. संग्रह नासतो तो घरी आणल्यावर: टाचण्या गंजतात, बुरशी चढते, लेबल लिहायचे राहून जाते, पेटीत भुंगेऱ्यांच्या अळ्या शिरतात. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने आहे. किडा कायमचा जिथे राहणार ती पेटी आधी, मग टाचण्याचे आणि मारण्याचे साहित्य, आणि पकडण्याचे साहित्य शेवटी. खर्चही याच क्रमाने करावा. पेटी, टाचण्या आणि लेबलाचा कागद यांत काटकसर करू नये. बाकीचे जवळजवळ सगळे घरी बनते.

पेटी

पेटीची एकच खरी कसोटी: झाकण लावल्यावर कडेच्या फटीतून कागदाची पट्टीही सरकता कामा नये. लाकडी पेटी उत्तम. ती परवडत नसेल तर रबरी कडा आणि चारही बाजूंनी खटके असलेला, घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा चालतो. आतली उंची ५ ते ५.५ सेंटिमीटर हवी. टाचणी ३८ मिलिमीटरची असते आणि ती तळाच्या फोममध्ये ८ मिलिमीटर रुतते, म्हणजे फोमच्या वर ३० मिलिमीटर उरते. त्यात फोमची १० मिलिमीटर जाडी मिळवली की झाकण आणि टाचणीचे डोके यांच्यात सेंटिमीटरभर मोकळी जागा राहते. ती नसेल तर झाकण लावताना टाचण्या वाकतात.

तळाला दाट पॉलिथिलीन फोम घाला. थर्माकोल टाळा. एकदा काढलेली टाचणी त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही, आणि किडी पळवायला ठेवतात त्या पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या गोळ्यांच्या संपर्कात आला तर तो विरघळतो.

संग्रहाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे अँथ्रेनस हा छोटा भुंगेरा आणि त्याचे भाऊबंद यांच्या केसाळ अळ्या. प्रौढ भुंगेरा जेमतेम २ ते ४ मिलिमीटरचा असतो. अळी वाळलेला किडा आतून पोखरते, त्यामुळे वरून सगळे ठीक दिसत राहते. टाचणीच्या पायथ्याशी तपकिरी भुकटी पडलेली दिसली की समजावे. अशी पेटी लगेच पॉलिथिनच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पेटी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे निदान दिवसभर, ती बंदच राहू द्या. आधी उघडलीत तर हवेतली वाफ थंड किड्यांवर जमते आणि पंख लोळागोळा होतात. संग्रहात येणारी प्रत्येक नवी चीज, विशेषतः दुसऱ्याकडून आलेली, अशीच गोठवून मगच पेटीत घालावी. दर तीन महिन्यांनी सगळ्या पेट्या पाहायच्या.

डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका. त्यांच्या वासाने काही किडी दूर राहतात, पण आधीच आत असलेल्या मरतीलच असे नाही, आणि बंद खोलीत ती वाफ सतत छातीत जाणे माणसालाही चांगले नाही. नॅफ्थलीन आणि पॅराडायक्लोरोबेन्झीन अशा दोन प्रकारच्या गोळ्या एकाच पेटीत तर कधीच ठेवू नका. दोन्ही एकत्र आल्या की पातळ होतात आणि डाग पडतात.

बुरशीचा बंदोबस्त म्हणजे कोरडी हवा. पेटीच्या कोपऱ्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाचून ठेवा आणि रंग बदलला की ती तापवून पुन्हा कोरडी करा. आर्द्रता ५५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीची भीती फारशी उरत नाही.

टाचण्या

शिवणकामाच्या टाचण्या नकोत. त्या आखूड आणि जाड असतात, शिवाय गंजतात. कीटकांसाठीच्या टाचण्या सुमारे ३८ मिलिमीटर लांब असतात आणि जाडीप्रमाणे त्यांना क्रमांक असतात. क्रमांक ० म्हणजे ०.३५ मिलिमीटर, १ म्हणजे ०.४०, २ म्हणजे ०.४५, ३ म्हणजे ०.५०. सुरुवातीला २ आणि ३ क्रमांकाच्या भरपूर आणि १ क्रमांकाच्या थोड्या घ्या. ०० आणि ००० इतक्या बारीक असतात, की फोममध्ये खुपसतानाच वाकतात. त्या टाचणीवर एखादा नाजूक किडा लावायचा मोह आवरा. त्याला कागदाच्या टोकावर चिकटवणे जास्त सुरक्षित.

स्टेनलेस स्टीलच घ्या. काळ्या मुलाम्याच्या पोलादी टाचण्यांचा मुलामा निघाला की त्या गंजतात. पितळी टाचणीतले तांबे किड्याच्या शरीरातल्या चरबीशी संयोग पावते आणि टाचणीभोवती हिरवे स्फटिक फुगतात, अगदी किडा दुभंगेपर्यंत.

टाचणी कुठून घालायची हे गटानुसार ठरते. भुंगेऱ्यात उजव्या कवचपंखाच्या वरच्या टोकाजवळून. ढेकणांच्या गटात पाठीवरच्या त्रिकोणी ढालीतून, मध्यापेक्षा किंचित उजवीकडे. माश्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांत छातीच्या उजव्या भागातून. नाकतोड्यात मानेमागच्या खोगिराच्या मागच्या भागातून, तिथेही उजवीकडे. फुलपाखरे, पतंग आणि चतुर यांत मात्र छातीच्या बरोबर मध्यातून. उजवीकडे टाचण्याचे कारण साधे आहे. शरीराच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. उजवीकडचा केस किंवा ठिपका टाचणीने गेला तरी डावीकडचा शाबूत राहतो, आणि ओळख पटवताना नेमका तोच लागतो.

टाचणी समोरून पाहिली तरी आणि बाजूने पाहिली तरी शरीराशी काटकोनात हवी. टाचणीच्या डोक्यापासून किड्याच्या पाठीपर्यंत १० ते १२ मिलिमीटर जागा सोडा, म्हणजे बोटांना धरायला मिळते. ही उंची दरवेळी सारखी यावी म्हणून पायऱ्यांचा ठोकळा वापरतात: लाकडाच्या १०, १६ आणि २५ मिलिमीटर उंचीच्या तीन पायऱ्या आणि प्रत्येकीत आरपार बारीक भोक. किडा टाचून झाला की टाचणी उलटी धरून डोके १० मिलिमीटरच्या भोकात तळापर्यंत घाला, पाठ आपोआप योग्य जागी येते. पहिले लेबल १६ च्या पायरीवर आणि दुसरे १० च्या पायरीवर चढवा.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान किड्याला टाचणी घालू नका. जाड, आम्लरहित कार्डाचा ८ मिलिमीटर लांब आणि तळाशी २ ते ३ मिलिमीटर रुंद त्रिकोण कापा. रुंद भागातून ३ क्रमांकाची टाचणी घाला, टोक किंचित खाली वाकवा आणि त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा अगदी छोटा ठिपका ठेवून किड्याच्या छातीची उजवी बाजू चिकटवा. गोंद जास्त झाला तर पोटाकडची सगळी लक्षणे झाकली जातात. झटपट सुकणारा सुपरग्लू नको, कारण पुढे कोणाला तो किडा सोडवून पाहायचा असेल तर सोडवता येणार नाही.

लेबल

लेबल नसलेला किडा अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. पहिल्या लेबलावर देश, राज्य, जिल्हा, नेमके ठिकाण, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत चार स्थळांपर्यंत द्या, म्हणजे जागा साधारण ११ मीटरपर्यंत निश्चित होते. तारखेतला महिना अक्षरांत लिहा. ५-८ लिहिले तर पाच ऑगस्ट की आठ मे, हे वीस वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या लेबलावर तो कसा मिळाला ते: दिव्यावर, फुलावर (कोणत्या, तेही), कुजक्या लाकडाखाली. लेबलाचा आकार १८ बाय ८ मिलिमीटरच्या आत ठेवा.

कागद आम्लरहित आणि जाडसर. शाई न फिकी पडणारी, रंगद्रव्याची. मऊ अंगाचे किडे अल्कोहोलच्या कुपीत ठेवतात; तिच्यात लेबल आतच टाकायचे, बाहेर चिकटवलेले कधी ना कधी गळून पडते. कुपीतले लेबल पेन्सिलीने लिहावे. लेझर प्रिंटरची अक्षरे अल्कोहोलमध्ये कागदावरून सुटू शकतात.

पंख पसरण्याची पाटी

फुलपाखरे आणि पतंगांसाठी ही लागते. फोमच्या दोन पट्ट्या एका पाटीवर समांतर चिकटवा आणि मध्ये खाच ठेवा: लहानांसाठी ६ मिलिमीटर, मोठ्यांसाठी १२. खाचेच्या तळाशीही फोम हवा. किडा खाचेत असा टाचा, की पंखांचे सांधे पट्ट्यांच्या पृष्ठभागाच्या बरोबरीने येतील. ट्रेसिंग पेपरच्या पट्टीने पंख दाबून धरा, बारीक टाचणी पुढच्या पंखाच्या जाड शिरेमागे टेकवा (पंखातून आरपार नको) आणि पंख वर सरकवत न्या. पुढच्या पंखाची मागची कड शरीराशी काटकोनात आली की थांबा, मग मागचा पंख. कागदाच्या पट्ट्यांवर, पंखांच्या बाहेर, टाचण्या लावून एक ते दोन आठवडे वाळू द्या. जाड शरीराच्या पतंगांना याहून जास्त वेळ लागतो. टाचणीने पोट हळूच ढकलून पाहा, ते वेगळे हलले तर अजून ओले आहे. घाईने काढलेले पंख दोन दिवसांत खाली झुकतात.

आधीच कडक झालेला किडा पसरायचा असेल तर बंद डब्यात ओली वाळू, त्यावर जाळी आणि तिच्यावर किडा, असे एक ते तीन दिवस ठेवा. पाण्याचा थेंब किड्याला लागता कामा नये. वाळूत थायमॉलचे दोन-चार खडे टाकले तर बुरशी येत नाही.

मारण्याची बरणी

साधारण अर्धा लिटरची, रुंद तोंडाची, जाड काचेची बरणी घ्या. प्लास्टिकच घ्यायचे तर पॉलिप्रॉपिलीन. पॉलिस्टायरीन आणि ॲक्रिलिक हे किडे मारायला वापरायच्या इथाइल ॲसिटेट या द्रवात वितळतात. दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस आणि एक भाग पाणी झटपट कालवून तळाशी २ ते २.५ सेंटिमीटरचा थर ओता. बरणी टेबलावर आपटून बुडबुडे काढा. मग झाकण उघडे ठेवून आठवडाभर पूर्ण वाळू द्या. बहुतेक चुका इथेच होतात. ओल्या प्लास्टरमध्ये इथाइल ॲसिटेट नीट शोषले जात नाही, बरणी आतून घामेजते आणि पहिल्याच माशीचे पंख काचेला चिकटतात. वाळल्यावर बाहेरून तळाभोवती चिकटपट्टीचे वेढे द्या, म्हणजे बरणी फुटली तरी काचा विखुरत नाहीत. वर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहा.

वापराआधी ५ ते १० मिलिलिटर इथाइल ॲसिटेट ओता. ते मुरू द्या आणि वर राहिलेले बाटलीत परत काढा. आत टिश्यू पेपरच्या सैल चुरगळलेल्या पट्ट्या टाका. त्या ओल टिपतात आणि किडे एकमेकांवर आदळत नाहीत. पट्ट्या ओलसर झाल्या की बदला. हे द्रव अतिशय ज्वालाग्राही आहे, उणे ४ अंशांनाही त्याची वाफ पेट घेऊ शकते. ज्योत, सिगारेट, तापलेली गाडी यांपासून ते लांब ठेवा आणि मोकळ्या हवेतच भरा. सायनाइडची बरणी हौशी माणसाने करूच नये.

माशी काही मिनिटांत मरते. मोठा भुंगेरा नुसता निपचित पडतो आणि टाचल्यावर पाय हलवू लागतो. त्याला कित्येक तास आत राहू द्या. फुलपाखरे आणि पतंगांची बरणी वेगळी, कारण त्यांच्या पंखांची भुकटी इतरांवर बसते आणि भुंगेरे त्यांचे पंख फाडतात. हिरव्या नाकतोड्यांचा रंग या वाफेने बिघडतो, आणि डीएनए काढायचा असेल तर इथाइल ॲसिटेट मुळीच वापरू नये.

घरी फ्रीझर असेल तर तोच सर्वांत सोपा उपाय. किडा छोट्या डबीत घालून एक ते दोन दिवस उणे १८ अंशांत ठेवा.

मऊ अंगाचे किडे, म्हणजे अळ्या, वाळवी, मावा, तसेच कोळी, वाळवले की सुरकुततात. ते इथेनॉलमध्येच, म्हणजे अल्कोहोलमध्येच, ठेवायचे. ९५ टक्क्यांच्या इथेनॉलपासून हवे ते प्रमाण करायची युक्ती: जितके टक्के हवेत तितके मिलिलिटर घ्या आणि एकूण ९५ मिलिलिटर होईपर्यंत पाणी घाला. ८० टक्के हवे तर ८० मिलिलिटर इथेनॉल, १५ पाणी. अळ्या आधी उकळीला आलेल्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट बुडवा, नाहीतर त्या इथेनॉलमध्ये काळ्या पडतात. किड्यांनी कुपीचा चौथा हिस्साच भरावा आणि दुसऱ्या दिवशी द्रव बदलावा, कारण शरीरातल्या पाण्याने तो पातळ होतो. डीएनएसाठी ९५ टक्केच ठेवा. फुलपाखरे आणि पतंग इथेनॉलमध्ये कधीच घालू नका.

जाळी

हवेतली जाळी घरी बनवणे अवघड नाही. ३.५ ते ४ मिलिमीटर जाडीची, वाकवली तरी पुन्हा ताठ होणारी पोलादी तार १३० सेंटिमीटर घ्या. मधल्या ११० सेंटिमीटरचे ३५ सेंटिमीटर व्यासाचे कडे होते. एका बाजूला ८ आणि दुसऱ्या बाजूला १० सेंटिमीटरची शेपटी राहते, आणि दोन्ही टोके शेवटचा एक-एक सेंटिमीटर काटकोनात आत वाकवायची. एक मीटरच्या दांड्याच्या टोकापासून ८ आणि १० सेंटिमीटरवर, समोरासमोरच्या बाजूंनी भोके पाडा आणि तिथून टोकापर्यंत तार बसेल अशी खाच कोरा. वाकवलेली टोके भोकांत, शेपट्या खाचांत, आणि वरून दोरीचा घट्ट वेढा. दोन भोके वेगवेगळ्या उंचीवर ठेवल्याने दांडा एकाच जागी कमकुवत होत नाही.

पिशवीसाठी मऊ मच्छरदाणीचे कापड घ्या. खरखरीत नायलॉनने पंख घासले जातात. ५७ सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच असे दोन तुकडे कापून, तळ गोलाई देऊन शिवा. टोकदार तळात किडा अडकून चुरगळतो. खोली व्यासाच्या दुपटीहून जास्त असायलाच हवी. किडा आत आल्यावर मनगट फिरवून पिशवी कड्यावरून उलटी पडली की तोंड बंद होते, आणि उथळ पिशवीत हे जमत नाही. कड्यावर मात्र जाड सुती कापडाची १२ सेंटिमीटरची पट्टी दुमडून शिवा. जाळी नेहमी कडेलाच फाटते.

ही जाळी गवतात फिरवू नका, एका सकाळीत तिच्या चिंध्या होतील. त्यासाठी पूर्ण पिशवी जाड सुती कापडाची, तार ५ मिलिमीटरची आणि दांडा आखूड हवा. दव असताना गवत झोडपू नये, सगळा माल ओला लगदा होतो.

झुडपांसाठी त्याहून साधे साधन: एक मीटर चौरस पांढरे कापड, कोपऱ्यांत शिवलेल्या खिशांत दोन काठ्या आडव्या-उभ्या. फांदीखाली धरा आणि वरून काठीने एकच जोरदार, झटक्याचा फटका द्या. हळूहळू हलवले तर किडे फांदीला आणखी घट्ट धरतात.

शोषक नळी

कापडावर पडलेले बारीक किडे बोटांनी उचलले तर चिरडतात. ३ सेंटिमीटर व्यासाची, १० ते १२ सेंटिमीटर लांब पारदर्शक कुपी, दोन भोकांचे रबरी बूच आणि ६ ते ८ मिलिमीटरच्या दोन नळ्या घ्या. एका नळीचे तोंड किड्याकडे. दुसरीच्या आतल्या टोकाला अतिशय बारीक जाळी घट्ट बांधा आणि बाहेरच्या टोकाला ४५ सेंटिमीटर मऊ रबरी नळी जोडा. जाळी सैल असेल तर किडा थेट घशात जातो. किड्याकडची नळी कुपीत जाळीच्या पुढे जाईल इतकी खोल ठेवा, नाहीतर आत आलेला किडा त्याच वाटेने परत फिरतो. शेण, मेलेले जनावर, बुरशी किंवा वटवाघळांची गुहा इथे तोंडाने ओढू नका. जाळीतून धूळ, बुरशीचे बीजाणू आणि जंतू फुप्फुसात जातात. तिथे रबरी फुग्याने ओढणारी नळी वापरा. मुंग्या ओढतानाही त्यांचे आम्ल घसा जाळते.

सापळे

दिव्यासाठी पांढरी चादर, २ बाय १.५ मीटर, उभी ताणून बांधा आणि दुसरी खाली अंथरा. प्रकाशात अतिनील भाग हवा. साध्या पिवळसर एलईडीवर फार थोडे येतात. ३६५ नॅनोमीटरची अतिनील एलईडी किंवा १५ ते २० वॅटची अतिनील नळी पुरते. पाऱ्याच्या वाफेचा दिवा जास्त ओढतो, पण तो इतका तापतो, की पावसाचा थेंब पडला तर काच तडकते. अतिनील रोखणारा चष्मा लावा. उबदार, दमट, वारा नसलेली, अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. अंधार पडल्यावरच्या दोन तासांत येणाऱ्या जाती आणि मध्यरात्रीनंतरच्या जाती बऱ्याचदा वेगळ्या असतात, तेव्हा लवकर आवरू नका.

जमिनीवरच्या भुंगेऱ्यांसाठी एकात एक बसणारे दोन कप, तोंड ७ ते ८ सेंटिमीटर. खालच्याच्या तळाला भोके पाडून तो मातीत पुरा, वरचा सुटा. मग माल काढताना खड्डा ढासळत नाही. कपाची कड मातीच्या सपाटीत किंवा किंचित खाली हवी. कड थोडी वर राहिली तरी भुंगेरा वळसा घालून जातो. कप एक तृतीयांश प्रोपिलीन ग्लायकॉलने भरा, भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि वर २ ते ३ सेंटिमीटर उंचीवर छप्पर करा. इथिलीन ग्लायकॉल नको, ते पिऊन प्राणी मरतात. द्रव न घालता लावलेला सापळा रोज सकाळी पाहावाच लागतो, कारण आतले भुंगेरे एकमेकांना खातात आणि बेडूकही अडकतात. काम संपले की प्रत्येक कप उपटून खड्डा बुजवा.

संरक्षित जाती आणि राखीव क्षेत्रे यांबाबत परवानगी आधी, लेखी. एका जातीचे दोन-चार नमुने पुरतात. दिव्याच्या चादरीवरचे उरलेले किडे पहाटेपूर्वी झटकून झाडीत सोडा, उजाडल्यावर पक्षी ते टिपायला येतात.

पिशवीत काय हवे

दहापट मोठे दाखवणारे भिंग, दोरीने गळ्यात. ते डोळ्याला अगदी जवळ धरून वस्तू भिंगाकडे आणायची. मऊ, हलक्या पात्याचा चिमटा किड्यांसाठी आणि टोकदार ताठ चिमटा टाचण्यांसाठी. बारीक ब्रश, इथेनॉलमध्ये बुडवून किडा टिपायला. झाकणाच्या कुप्या, फुलपाखरे आणि चतुर ठेवायला गुळगुळीत कागदाच्या त्रिकोणी पुड्या, वही आणि पेन्सिल. प्रत्येक कुपीत आणि पुडीत जागीच, पेन्सिलीने लिहिलेली तारीख-ठिकाणाची चिठ्ठी टाका. संध्याकाळी आठवून लिहू म्हटले की दोन कुप्यांची अदलाबदल ठरलेली. इथाइल ॲसिटेटची बाटली आटेदार झाकणाची घ्या आणि बाहेरच्या कप्प्यात उभी ठेवा, प्लास्टिकच्या भिंगाशी तिचा संबंध येऊ देऊ नका.